हाताचा अंदाज आणि काट्याचे वजन



भाताची झोडणी संपली आहे. खळ्यावर गोण्या शिवून ओळीने मांडल्या आहेत. व्यापारी येतो, एका गोणीचा कान धरतो, जराशी हलवून बघतो आणि म्हणतो, "पन्नास भरंल." आपणही तसेच हलवून बघतो आणि म्हणतो, "पन्नासाला काय मरण न्हाई शेठ, वरच भरंल." दोघेही अनुभवी, दोघांचाही हात तयार. मग बरोबर कोण?

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात आता कारखाने आणि कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, शेती आक्रसली. तरी मुळशी आणि मावळच्या शिवारात भात अजून पिकतो, इंद्रायणीला गिऱ्हाईक आहे, आणि भाताची, खताची, पेंडीची गोणी रोज कुणी ना कुणी उचलतोच आहे. म्हणून रेडिओवर जो विषय थोडक्यात सांगितला, तो या पत्रकात सविस्तर देत आहोत. विषय साधा आहे. वस्तू उचलली की ती जड की हलकी हे आपल्याला कसे कळते, आणि तो अंदाज कुठे फसतो? फसला तर नुकसान दोन ठिकाणी होते, एक खिशाला आणि दुसरे कमरेला.

दोन डब्यांचा प्रयोग

आधी घरी हा प्रयोग करून बघा. लिटरभर मावेल असा लहान पत्र्याचा डबा घ्या आणि त्यात वाळू भरा. दुसरा डबा तेलाचा, पंधरा किलोचा, रिकामा घ्या. काट्यावर ठेवून दोन्हींचे एकूण वजन सारखे, म्हणजे दीड-दीड किलो करा. मोठ्या डब्यात कमी पडेल तेवढी वाळू फडक्यात बांधून मधोमध ठेवा, म्हणजे ती हलणार नाही. दोन्ही डब्यांना सारखीच दोरीची कडी बांधा. आता घरातल्या माणसांना काही न सांगता एकामागून एक उचलायला लावा आणि विचारा, जड कोणता?

बहुतेक सगळे सांगतील, लहान डबा जड आहे.

एका गावच्या शेतकरी मेळाव्यात मी हे दोन डबे नेले होते. एक आजोबा पुढे आले. साठ-पासष्ट पावसाळे पाहिलेला, आयुष्यभर गोण्या वाहिलेला माणूस. त्यांनी दोन्ही डबे दोनदोनदा उचलले आणि म्हणाले, "सायेब, ल्हान डबा जड हाय. पैज लावा." डबे काट्यावर ठेवले. वजन सारखे. आजोबांनी काट्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "मग काटाच खोटा हाय." सगळी मंडळी हसली. पण खरे सांगायचे तर डबे मीच भरले होते, वजन मीच केले होते, आणि तरीही माझ्या हाताला लहान डबाच जड लागत होता. माहीत असूनसुद्धा हात फसतोच.

ही गोष्ट प्रथम पद्धतशीर मांडली ती शार्पांतिए नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी, 1891 साली. तेव्हापासून जगभर हा प्रयोग झाला आहे. शिकलेला असो वा अडाणी, लहान असो वा थोर, सगळे इथे फसतात.

आता याच डब्यांचा आणखी एक खेळ करा. उचलणाऱ्याचे डोळे बांधा आणि फक्त दोरी हातात द्या. डबा मोठा की लहान हे त्याला डोळ्यांनी दिसणार नाही, हाताच्या स्पर्शानेही कळणार नाही. मग दोन्ही डबे जवळजवळ सारखे लागतात. याचा अर्थ काय? जडपणा केवळ हातात नाही. डोळे आणि स्पर्श मनाला आधीच काहीतरी सांगून ठेवतात.

असे का होते?

आपण वस्तूला हात घालतो त्याच्या आधीच मेंदू हिशेब करून बसलेला असतो. वस्तू केवढी आहे, कशाची आहे, पूर्वी अशी उचलली तेव्हा किती जोर लागला होता, यावरून तो हाताला हुकूम देतो, की एवढा जोर लाव. उचलल्यावर हातातल्या कातडीकडून, स्नायूंकडून आणि स्नायूंच्या दोऱ्यांकडून उलट निरोप जातो. अपेक्षा आणि निरोप जुळले तर आपल्याला काही वेगळे वाटत नाही. मोठा डबा जड असेल अशी अपेक्षा असते, तो तेवढा निघत नाही, म्हणून हलका वाटतो. लहान डबा हलका असेल असे वाटते, तो भरलेला निघतो, म्हणून जड वाटतो.

यात एक मौजेची गोष्ट आहे. कॅनडातले संशोधक फ्लॅनागन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2000 साली असे दाखवले, की मोठी आणि लहान अशा सारख्या वजनाच्या वस्तू माणसाने काही वेळा उचलल्या की त्याचा हात शिकतो. दोन्हींना बरोबर सारखाच जोर लावू लागतो. पण विचारले तर माणूस तेव्हाही म्हणतो, लहानच जड आहे. म्हणजे हात सुधारला तरी मन सुधारत नाही. आपल्या आजोबांचे हेच झाले होते. पन्नास वर्षे गोण्या वाहून हात तयार झाला. त्या हातात गोणी सांडत नाही, हे खरे. पण तेवढ्यावरून हाताचा आकडा खरा धरता येत नाही.

फरक किती असला म्हणजे कळतो?

आता खिशाचा विषय घेऊ. जर्मनीत लाइपझिक येथे वेबर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1834 साली आपले प्रयोग छापले. त्यांना असे दिसले, की हाताला वजनातला फरक कळतो तो ठराविक ग्रॅममध्ये कळत नाही, मूळ वजनाच्या हिश्श्यात कळतो. काळजीपूर्वक, एकामागून एक उचलून बघितले तर साधारण चाळिसाला एक, एवढा फरक जेमतेम लक्षात येतो.

हिशेब करा. हातात 1 किलो असेल तर 25 ग्रॅमचा फरक कसाबसा कळेल. 10 किलो असतील तर पाव किलोच्या आतला फरक कळणार नाही. आणि 50 किलोच्या गोणीत सव्वा किलोच्या आतले कमी-जास्त सर्वांत तरबेज हातालाही सांगता येणार नाही. ही गोष्ट निवांत, लक्ष देऊन तोलण्याची. खळ्यावरच्या घाईत, दमलेल्या हाताने, काल उचललेल्या गोणीशी आजची ताडून बघताना चूक याहून मोठीच होते.

एका गोणीत 1 किलो म्हणजे काही मोठे नाही, असे तुम्ही म्हणाल. पण 100 गोण्यांना 1 किलोप्रमाणे 100 किलो होतात. म्हणजे अख्खा एक क्विंटल माल हाताला न कळता गेला. त्या दिवसाचा भाव लावून बघा, म्हणजे अंदाजाची किंमत कळेल. यात समोरचा लबाड असेलच असे नाही. त्याचाही हात आपल्यासारखाच माणसाचा आहे. पण अंदाजाच्या व्यवहारात चूक झाली की ती ज्याला गरज जास्त त्याच्याच माथी बसते, आणि सुगीत गरज आपल्याला असते.

आपले वाडवडील पायली-अधोलीने धान्य मोजत. ते माप होते, वजन नव्हे. माप सपाट भरले की शिगोशीग भरले, यावर तंटे होत. देशात 1958 पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली आणि किलो, क्विंटल सगळ्यांच्या तोंडी बसले. आज वैध मापनशास्त्र अधिनियम 2009 हा कायदा आहे, तो 1 एप्रिल 2011 पासून लागू झाला. व्यापारात वापरायच्या काट्याची ठराविक मुदतीत पडताळणी होऊन त्यावर शिक्का लागावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला ही पडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते. शिक्का आणि पडताळणीचा दाखला बघायला मागणे हा आपला हक्क आहे. त्यात भीड बाळगण्याचे कारण नाही.

खताच्या गोणीचा घोटाळा

खत टाकतानाही आपण बऱ्याचदा गोणीवर हिशेब करतो. "एकराला दोन गोण्या," असे म्हणतो. पूर्वी युरियाची गोणी 50 किलोची होती. 2018 पासून ती 45 किलोची झाली. गंधकाचे आवरण असलेला युरिया आला, त्याची गोणी 40 किलोची आहे. डीएपीची मात्र 50 किलोची आहे.

आता बघा. युरियाचे दाणे हलके, जागा जास्त खातात, म्हणून 45 किलोची गोणीही चांगली फुगलेली दिसते. डीएपी वजनाला भारी, म्हणून 50 किलो असूनही गोणी आटोपशीर दिसते. ती उचलली की दगड उचलल्यासारखे वाटते. खरा फरक पाच किलोचाच, पण दोन डब्यांसारखेच इथेही मन फसते आणि फरक बराच जास्त वाटतो. उलट जुन्या आणि नव्या युरियाच्या गोणीत पाच किलोचा फरक पडला, तरी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुणी उचलल्या नाहीत, म्हणून तो हाताला जाणवला नाही. दोन गोण्या म्हणजे 100 किलो धरून चालणाऱ्याच्या शेतात 90 किलोच युरिया पडतो. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे 46 किलो नत्राच्या जागी साधारण 41 किलोच मिळाले. म्हणून शिफारस नेहमी किलोत समजून घ्या आणि गोणीवर छापलेले वजन वाचा.

जेजुरीचा खंडा आणि आपली कंबर

आता कमरेकडे वळू. दसऱ्याच्या उत्सवात जेजुरीला खंडोबाचा खंडा उचलण्याची स्पर्धा होते, ती तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली असेल. खंडा 42 किलोचा. आपल्याकडचा कुठलाही गडी 42 किलोचे पोते खांद्यावर टाकून बांधावरून चालत जाईल. मग तोच खंडा मूठ धरून हात लांब करून तोलताना भलेभले पैलवान का थरथरतात?

कारण वजन तेवढेच असले तरी ते अंगापासून लांब गेले. घरची पहार घ्या. मध्यावर धरा, सहज उचलेल. आता टोकाला धरून आडवी उचला. मनगट वाकेल. पहार तीच, पण हाताला ती दुसरीच वाटते. कारण हाताला नुसते वजन कळत नाही, वजन आणि अंतर मिळून जो पीळ पडतो तो कळतो.

हाच पीळ कमरेवर पडतो. पाठीच्या कण्यामागचे जे स्नायू आपल्याला सरळ उभे करतात, ते मणक्याच्या मध्यापासून साधारण 5 सेंटीमीटरवर असतात. गोणी 50 किलोची आहे आणि ती मणक्यापासून 20 सेंटीमीटरवर, म्हणजे पोटाला चिकटून धरली, तर त्या स्नायूंना सुमारे 200 किलोची ओढ घ्यावी लागते. तीच गोणी वाकून, हात लांब करून, 50 सेंटीमीटरवर धरली तर ओढ 500 किलोची होते. आपल्या अंगाचा भार आणखी वेगळा. गोणी बदलली नाही, फक्त पकड बदलली. कंबर धरते ती इथे.

दुसरा धोका अपेक्षेचा. दुधाचा 40 लिटरचा कॅन रिकामा समजून झटक्यात उचलायला जावे आणि तो भरलेला निघावा, असे प्रत्येकाचे एकदा तरी झाले असेल. 40 लिटर दूध म्हणजे 41 किलो, वर कॅनचे वजन वेगळे. मेंदूने हुकूम दिला रिकाम्या कॅनचा, आणि भार आला भरलेल्या कॅनचा. स्नायू तयार नसताना धक्का बसतो आणि उसण भरते. गवताच्या भाऱ्याचेही तसेच. कालचा वाळलेला भारा आणि आज दवात भिजलेला भारा दिसायला सारखे, वजनाला वेगळे. भारा डोक्यावर घेणाऱ्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. मानेला झटका बसला तर तो लवकर बरा होत नाही.

तिसरी गोष्ट दमण्याची. सकाळची पहिली गोणी आणि संध्याकाळची चाळिसावी गोणी सारख्याच वजनाच्या असतात. पण स्नायू थकले की तेवढ्याच कामाला मेंदूला जास्त जोराचा हुकूम सोडावा लागतो, आणि तो वाढलेला हुकूमच आपल्याला जडपणा म्हणून जाणवतो. तेव्हा संध्याकाळी गोणी जड लागू लागली तर त्याला आळस समजू नका. शरीर इशारा देत आहे, थोडे थांबा.

शिवापूरचा दगड

पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला कमरअली दरवेश यांचा दर्गा आहे. तिथला दगड अकरा जण एकेका बोटावर उचलतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका सुरात बाबांचे नाव घेतात आणि दगड वर येतो. श्रद्धा ज्याची त्याची, तिला आपण हात लावायचा नाही. इथे फक्त वजनाचा हिशेब बघू. हा दगड सुमारे 90 किलोचा असल्याचे सांगतात. अकरा जणांत वाटले तर एकाच्या बोटावर साधारण 8 किलो येतात. दगडाकडे बघून मन म्हणते, हे बोटाने कसे उचलणार? आणि वाट्याला आठच किलो आले की तो फुलासारखा वाटतो. पुन्हा तीच अपेक्षेची गोष्ट.

पण यात आपल्या कामाचा एक धडा आहे. अकराही जणांनी एकाच क्षणी जोर लावला तरच वाटणी सारखी होते. एक जण मागे राहिला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो. एका सुरातल्या हाकेने तो क्षण जुळतो. हनुमान जयंतीला हिंजवडीच्या म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघते, ते एवढे मोठे लाकूड हलवणे एकट्या-दुकट्याचे काम नाही, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. हमालांची "हैया हो" सुद्धा त्यासाठीच. दोघे मिळून गोणी उचलताना मुकाट्याने उचलू नका. "एक, दोन, हं" असे म्हणा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली शिफारस केली, की नेहमी ओझे वाहणाऱ्या प्रौढ पुरुषाने एकट्याने 55 किलोपेक्षा जास्त वाहू नये, आणि बायकांचे ओझे त्याहून पुष्कळ कमी असावे. आपल्याकडे एके काळी शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे ही मर्दुमकी समजली जाई. त्या मर्दुमकीची किंमत उतारवयात गुडघे आणि मणके चुकवतात.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

1. अंदाज करायला हरकत नाही, पण व्यवहार काट्यावरच करा. विक्रीचा माल घरून निघण्याआधी स्वतः तोला आणि वहीत लिहा.

2. काट्यावरचा शिक्का बघा. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, ते बघा. बारदानाचे वजन किती धरले ते विचारा.

3. तोलपावती घेतल्याशिवाय माल सोडू नका. पट्टीवरचे वजन आणि आपल्या वहीतले वजन ताडून बघा. कडत्याच्या नावाखाली वजन कापू देऊ नका.

4. खताची मात्रा गोण्यांत नको, किलोत मोजा.

5. कुठलेही ओझे उचलण्याआधी ते पायाने किंवा हाताने थोडे कलते करून बघा. भरलेले की रिकामे, कोरडे की ओले, हे आधी कळू द्या. झटका देऊ नका.

6. ओझ्याजवळ जा, गुडघ्यात वाका, ओझे पोटाशी घ्या आणि पायांच्या जोरावर उठा. ओझे हातात असताना कमरेत पिळू नका, पाय वळवा.

7. भरताना गोणी 50 किलोच्या आतच ठेवा. त्याहून जड असेल तर दोघांनी उचला आणि हाक देऊन उचला.

8. चाळीस गोण्या एका दमात टाकण्यापेक्षा दहा-दहा गोण्यांनंतर थोडा विसावा घ्या, पाणी प्या.

शेतकरी मित्रांनो, हात हे आपले पहिले अवजार आहे. मातीची वाफ आहे की नाही, कणीस भरले की नाही, गुराला ताप आहे की नाही, हे हाताइतके दुसरे कुणी सांगत नाही. पण गोणीत पन्नास आहेत की एकोणपन्नास, हे त्याला विचारू नका. ते काम काट्याचे आहे. दोन डब्यांचा प्रयोग मुलाबाळांसकट करून बघा, आणि तुमच्याकडे कोण कोण फसले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पैज लावणारे एखादे आजोबा तुमच्याही घरी निघतीलच.